घरची ओढ आणि परदेशी शिक्षण : कल्याणच्या आनंदीबाई जोशींचा दाखला

घरची ओढ, परदेशी शिकणाऱ्यांची : शिक्षणासाठी दूर देशी गेलेल्या माणसाला आपले घर, माणसे, अन्न, भाषा आणि रोजचा दिनक्रम आठवून जी अस्वस्थता येते ती. झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, पुस्तक समोर असूनही डोक्यात काही न शिरणे, कारण नसताना रडू येणे ही तिची नेहमीची लक्षणे. वैद्यकात तिची नोंद जुनी आहे. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथे या विकारावर प्रबंध लिहिला. त्यात वर्णन केलेला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण होता. या दोन शहरांतले अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे कल्याण ते नाशिक प्रवासापेक्षाही कमी. तरी तो पोरगा खंगत गेला आणि घरी न्यायचे ठरल्यावर सुधारू लागला. ओढीची तीव्रता किलोमीटरांत मोजता येत नाही, हे त्या पहिल्याच नोंदीत दिसते. आपल्याकडे या दुखण्यावर सहसा दोन उपाय सांगितले जातात : मन घट्ट करावे आणि थोडा काळ जाऊ द्यावा. दोन्ही अपुरे आहेत. ओढ निवते की बळावते हे विद्यार्थ्याच्या मनोबळापेक्षा त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. खोलीला ऊब आहे का, आपल्या पद्धतीचे दोन घास मिळतात का, खरे बोलता येईल असे एक तरी माणूस जवळ आहे का, आणि आपण किती बदलायचे हे ठरवण्याची मुभा आपल्याला आहे का, यांवर ते ठरते. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ठाणे जिल्ह्याच्याच इतिहासात आहे.

आनंदीबाई जोशी (३१ मार्च १८६५–२६ फेब्रुवारी १८८७) यांचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जमीनदार जोशी घराण्यातला त्यांचा जन्म. कल्याणला तेव्हा आगगाडी येऊन अकरा वर्षे झाली होती आणि गावात सार्वजनिक वाचनालय नुकतेच, १८६४ मध्ये, सुरू झाले होते. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरीला असलेले बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ बहुतेक चरित्रकार तेथे पाहतात. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबत नवरा किंवा नात्यातले कोणी नव्हते, मिशनरी बायका तेवढ्या होत्या. जूनमध्ये त्या अमेरिकेत पोचल्या, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन बाहेर पडल्या. ही कथा मराठी वाचकाला श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीमुळे आणि २०१९ च्या चित्रपटामुळे परिचित आहे. पण या परिचयातही भर राहतो तो धैर्यावर आणि सोसण्यावर. त्यांना प्रत्यक्षात काय सोसावे लागले आणि त्यातले किती टाळता आले असते, हा प्रश्न मागे पडतो.

त्यांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाचे दोन भाग शेजारी ठेवून पाहिले तर उत्तर सापडू लागते. १८८३ चा उन्हाळा त्यांनी रोझेलला कार्पेंटर कुटुंबात काढला. कार्पेंटरबाईंशी तीन वर्षांच्या पत्रांतून ओळख झालेली होती. त्यांना मावशी म्हणण्याइतका जिव्हाळा जडला. घरात नऊवारी चालत होती, शाकाहार चालत होता आणि आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्या घरच्यांना वाढू शकत होत्या. सप्टेंबरच्या अखेरीस त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि सारे चित्र पालटले. राहायला मिळालेल्या खोलीची शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की हाडे गोठवणारी थंडी. अभ्यास सांभाळून स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा, आणि तोही जिथे आपल्या सवयीचे धान्य-भाजी धड मिळत नाही अशा गावात. पोटऱ्या आणि कंबर उघडी टाकणारी नऊवारी त्या हवेत निभत नव्हती. प्रकृती तेव्हापासून ढासळत गेली, पुढे घटसर्पही झाला. रोझेल आणि फिलाडेल्फिया यांत आगगाडीचा काही तासांचाच प्रवास. कल्याण दोन्ही ठिकाणांहून सारखेच दूर, बाई तीच, जिद्द तीच. फरक होता तो खोलीचा, चुलीचा आणि जवळच्या माणसाचा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. नव्या देशात पहिले काही महिने सर्वांनाच गोड वाटतात आणि खरी उदासी नंतर येते. मग रोझेलचा आनंद हा केवळ नवलाईचा असू शकेल. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये असाच आलेख मांडला : सुरुवात चांगली, मग घसरण, मग पुन्हा चढ. पाठोपाठ मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी ‘कल्चर शॉक’ ही संज्ञा रूढ केली आणि टप्प्याटप्प्यांनी जुळत जाण्याची कल्पना सल्ल्याच्या पुस्तकांत कायमची जाऊन बसली. तिच्यात दिलासा आहे, म्हणून ती टिकली असावी. पण कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून १९९८ मध्ये काढलेला निष्कर्ष वेगळा होता. त्यांना सर्वाधिक त्रास पोचल्या पोचल्याच होता, गोड सुरुवात नव्हतीच. हे खरे मानले तर रोझेलचे पहिले महिने आनंदीबाईंसाठी सर्वांत कठीण ठरायला हवे होते. ते तसे ठरले नाहीत, कारण तिथे कार्पेंटरबाई होत्या. काळ जाऊ दिल्याने आपोआप सगळे सुरळीत होते हेही त्यांच्या बाबतीत खरे ठरले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्या अमेरिकन जीवनात पुष्कळ रुळल्या होत्या, मैत्रिणी मिळाल्या होत्या आणि डीन राचेल बॉडली यांचा आधार होता. शरीर मात्र झिजतच गेले.

व्यवस्थेचा आणखी एक भाग विद्यार्थी घरूनच बरोबर नेतो. जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूर येथे (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे) जाहीर भाषण करून आनंदीबाईंनी सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर समुद्रापार गेलेल्या प्रत्येक मराठी बाईकडे संशयाने पाहिले जाणे अटळ होते. गोपाळरावांच्या पत्रांतून धीर येई, तसाच टोमणा आणि शंकाही येई. अखेर त्यांनी नऊवारी सोडून अंग झाकणारी गुजराती धाटणीची साडी धरली, पण तो बदल नवऱ्याला लगेच कळवला नाही, असे त्यांच्या चरित्रांत आहे. एका विद्यार्थिनीने थंडीपासून अंग वाचवायला साडी नेसण्याची पद्धत बदलली आणि तिला ते लपवावेसे वाटले, एवढ्यावरून तिच्यावरचे ओझे कळते. घराची ओढ म्हटली की घर म्हणजे निव्वळ मायेची जागा असे आपण गृहीत धरतो. पण पुष्कळांच्या बाबतीत घर हे पहारा करणारेही असते, आणि ज्याची आठवण येते त्याचेच भय वाटते.

प्रतिज्ञा घालून पाठवणे वाईटच, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनला गेले ते आईला मांस, मद्य आणि परस्त्रीसंग वर्ज्य करण्याचे वचन देऊन. सुरुवातीला तेही घरच्या आठवणीने रात्री रडत आणि अर्धपोटी राहत. आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितले आहे. फॅरिंग्डन रस्त्यावरचे शाकाहारी भोजनगृह सापडले तेव्हा त्यांचे दिवस पालटले. पुढे शाकाहारी मंडळात ओळखी झाल्या आणि तेच वचन त्यांना समाजात शिरण्याची वाट झाले. फिलाडेल्फियात आनंदीबाईंच्या वाट्याला असे काही आले नाही. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेव्हा वसतिगृहाचे जेवण त्यांना रुचले नाही. ते तिथे निमूट सोसत बसले नाहीत. दुसरीकडे हलले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. ती मैत्री जन्मभर टिकली. ‘त्यांना कुठे कोणी मावशी होती?’ असे विचारणाऱ्यांना याच दोन चरित्रांत उत्तर आहे. त्यांनाही आधार लागला. तो त्यांनी शोधला, आणि शोधण्याइतकी मोकळीक पुरुष म्हणून त्यांना होती.

एका अतिशयोक्तीपासून मात्र सावध राहिले पाहिजे. आनंदीबाई परदेशातल्या हालअपेष्टांनी किंवा शाकाहाराच्या हट्टाने गेल्या, असे सरधोपट बोलले जाते. त्या क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवले ते १८८२ मध्ये, आनंदीबाई निघण्याच्या अवघे वर्षभर आधी. त्यावर परिणामकारक औषध यायला १९४० चे दशक उजाडले. भरपेट मांसाहार करणारे, ऊबदार घरांत राहणारे अमेरिकनही तेव्हा या रोगाने मोठ्या संख्येने मरत होते. बरी खोली आणि पुरेसे अन्न मिळाले असते तर त्या वाचल्याच असत्या, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. म्हणता येते ते एवढेच की तीन वर्षे ज्या शरीराने आणि मनाने त्यांनी अभ्यास केला, त्यांच्यावरचा भार कमी करणे मानवी हातात होते. महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली, पण खोलीकडे कोणी वेळेवर लक्ष दिले नाही.

आज या प्रश्नाचे प्रमाण बदलले आहे. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३,३१,६०२ होती आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नोकरदारांच्या शहरांत परदेशी शिक्षण ही आता नवलाची गोष्ट नाही. तेवीस किलोच्या दोन बॅगांत प्रेशर कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी बसवण्याचे शास्त्रही घरोघर तयार झाले आहे. शेगडीचा धूर गेला. कित्येक अमेरिकन शहरांत भारतीय वाणसामान मिळते. पत्राला महिना-सव्वा महिना लागे, त्या जागी आता पाडव्याची डोंबिवलीतली शोभायात्रा आणि दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड फोनवर जसाच्या तसा दिसतो. मग ओढ संपायला हवी होती. ती संपत नाही, कारण संपर्क वाढला म्हणून खरे बोलणे वाढतेच असे नाही. न्यूयॉर्कमधल्या मुलाच्या आणि डोंबिवलीतल्या आईच्या घड्याळात ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर असते. रोजच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ला ‘हो’ आणि ‘बरा आहेस ना?’ला ‘मस्त’ हीच उत्तरे जातात. शिक्षणासाठी राहती जागा बँकेकडे तारण ठेवलेली असेल तर तिसऱ्या आठवड्यात ‘मला इथे जमत नाही’ हे वाक्य तोंडातून निघणे अवघड. आनंदीबाईंनी साडीची गोष्ट लपवली, आजचा मुलगा नापास झालेला विषय किंवा न मिळालेले काम लपवतो. ओझ्याचा प्रकार बदलला, लपवण्याचे कारण तेच राहिले.

उलट बाजूने असेही म्हटले जाते की आपली माणसे, आपले जेवण, आपली भाषा यांची इतकी सोय झाली तर मूल त्या देशात शिरतच नाही. चार मराठी मुले एका घरात राहून सातासमुद्रापार डोंबिवलीच थाटतात. धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय आपले ते तोडून टाकणे हा नाही. जॉन बेरी यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झालेला स्थलांतरितांचा अभ्यास साधारणपणे असे दाखवतो की आपले राखून नव्यात सहभागी होणारे लोक, केवळ आपल्यात कोंडून घेणाऱ्यांपेक्षा आणि आपले पुरते पुसून टाकणाऱ्यांपेक्षा, बरे निभावतात. आनंदीबाईंचा पदवीचा प्रबंध याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकन महाविद्यालयात, इंग्रजीत, त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या साडी नेसून जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्या शेजारी आहेत, आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. घर सोबत होते म्हणून अभ्यास अडला नाही, उलट अभ्यासाला विषय मिळाला.

म्हणून ठाणे-कल्याणच्या पालकांनी आणि निरोपसमारंभ करणाऱ्या मंडळांनी धीराचे उपदेश थोडे कमी करावेत. मुलगी विमानात बसण्यापूर्वी तिची खोली कशी आहे आणि हिवाळ्यात तिथे ऊब कशी मिळते, त्या गावात महाराष्ट्र मंडळ किंवा ओळखीचे एखादे कुटुंब आहे का, हे विचारून घ्यावे. आणि तिला स्पष्ट शब्दांत सांगावे की पहिल्या सहामाहीत काही बिनसले तर ते घरी कळवायचे, त्याबद्दल कोणी रागावणार नाही, आणि कर्जाचा हिशेब ही आमची बाब आहे.