पॅलिओएकिनास्टॅकस

गोड्या पाण्यातील क्रेफिशची एक लुप्त प्रजाती. संघ संधिपाद, गण दशपाद, कुल पॅरास्टॅसिडी. पॅ. ऑस्ट्रेलियानस ही तिची एकमेव वर्णित जाती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात केप ऑटवे परिसरातील पूर्व क्रिटेशस कालीन खडकांत (सु. 10.6 कोटी वर्षांपूर्वीच्या) तिचे जीवाश्म मिळाले. अँथनी मार्टिन, टॉम रिच, गॅरी पूर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

शरीर : उदराचा काही भाग व नांग्या एवढेच अवशेष उपलब्ध.

बिळे : उदराच्या तुकड्यापेक्षा बिळांचा पुरावा अधिक बोलका आहे. व्हिक्टोरियातीलच स्ट्रेझलेकी गटाच्या सु. 11.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत गाळाने भरलेली जीवाश्म बिळे आढळली असून ती याच कुलातील क्रेफिशची मानतात. बिळे व शरीराचे अवशेष वेगवेगळ्या थरांतील असल्याने ती नेमकी याच जातीची म्हणता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील एन्जियस या हयात प्रजातीचे क्रेफिश ओलसर जमिनीत भूजलापर्यंत बीळ खणतात आणि उकरलेल्या चिखलाच्या गोळ्या वर आणून तोंडाशी रचतात. त्यातून जमिनीवर धुराड्यासारखा उभार तयार होतो. ओढा आटला तरी बिळाच्या तळाशी पाणी टिकते. खणण्याची ही सवय कुलात फार जुनी असल्याचे जीवाश्म बिळांवरून दिसते.

पर्यावरण : त्या काळी व्हिक्टोरियाचा हा प्रदेश अंटार्क्टिकाला लागून, ध्रुववृत्ताच्या आत होता. हिवाळ्यात दीर्घकाळ अंधार असे. ऑटवे किनाऱ्यावरील डायनोसॉर कोव्ह हे स्थळ याच काळातील ध्रुवीय डायनासोरांसाठी प्रसिद्ध आहे.

महत्त्व : क्रेफिशचे उत्तर व दक्षिण गोलार्धांतील गट पँजिया या प्राचीन महाखंडाच्या विभाजनानंतर वेगळे झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दक्षिणेकडील गटाचा, म्हणजे पॅरास्टॅसिडी कुलाचा, जुना शरीर-जीवाश्म मात्र या शोधापर्यंत हाती नव्हता. अंटार्क्टिकातील पर्मियन नांगी व ट्रायासिक बिळेही 1998 मध्ये क्रेफिशची म्हणून नोंदली गेली आहेत. ती या कुलाशी जोडण्याबाबत एकमत नाही.

वितरण : कुलातील हयात जाती ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड, मादागास्कर व दक्षिण अमेरिकेत आढळतात. आफ्रिकेची मुख्य भूमी व भारत हेही गोंडवन या प्राचीन दक्षिणी महाखंडाचेच भाग, पण तेथे मूळचा क्रेफिश नाही. गोड्या पाण्यातील खेकड्यांशी स्पर्धा हे त्याचे एक कारण सुचवले जाते. सह्याद्रीच्या ओढ्यांत खेकडे विपुल आहेत.