‘नाइस’ शब्दाचें मूळ कुळ

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाच्या तोंडीं ‘नाइस’ हा शब्द फार लवकर बसतो. हवा नाइस, चहा नाइस, क्वचित् मास्तरहि नाइस! या सोज्ज्वळ शब्दाचें कुळ मात्र मूर्खाचें आहे. लॅटिन ‘नेस्किउस’, म्हणजे न जाणणारा, यापासून निघून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारें तो इंग्रजींत आला व प्रथम ‘अडाणी’ याच अर्थानें वावरला. पुढें चोखंदळ, नाजूक, सूक्ष्म अशा पायऱ्या तो चढला. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत निर्णयांतील बारीक अचूकता हा अर्थ दिलेला आहे.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ नाटकांत फ्रायर लॉरेन्सचें पत्र रोमिओला पोंचत नाहीं. तें पत्र ‘नाइस’ नव्हतें, असें तो साधु कळवळून म्हणतो. आजचा विद्यार्थी ‘पत्र चांगलें नव्हतें’ असें समजून पुढें जाईल! साधूला म्हणावयाचें असतें, तें क्षुल्लक नव्हतें. त्यावर दोघांचे प्राण अवलंबून होते.

सुखद हा अर्थ अठराव्या शतकांत रूढ झाला. १८१७ च्या अखेरीस निघालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या जेन ऑस्टेनच्या कादंबरींत हेन्री टिल्नी त्याच्या सरसकट वापराची थट्टा करतो. ती रास्तच होय. प्लेझंट, डिलाइटफुल, काइंड असे पर्याय हाताशीं असतां एकच शब्द राबविणें हा निव्वळ आळस.

‘नाइस’ असा वर चढत असतां ‘सिली’ खालीं उतरत होता. मुळांत ‘सुखी, धन्य’ असलेला तो शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मूर्खाला लागूं लागला.