बँजो आणि बीट: गाण्याचा खाना कोण ठरवतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" गाळलेत, बाकी सगळं तेच.

आज सुरुवात एका कबुलीने करतो.

२०१८ साल. बीटेकचं शेवटचं सेमिस्टर. आमचा प्रोजेक्ट होता, गाणं ऐकून त्याचा प्रकार ओळखणारा प्रोग्राम. त्यासाठी आम्ही जीटीझॅन नावाचा डेटासेट वापरला. या विषयात काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी तो वापरतोच. त्यात दहा प्रकार आहेत: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डिस्को, हिपहॉप, जॅझ, मेटल, पॉप, रेगे, रॉक. प्रत्येकाचे शंभर तुकडे, प्रत्येक तुकडा ३० सेकंदांचा. मॉडेल शिकलं, बऱ्यापैकी चाललं. मग म्हटलं, आपली आवडती गाणी टाकून बघू. रूममेटने अविचीचं 'वेक मी अप' लावलं.

पहिल्या ३० सेकंदांना मॉडेल म्हणालं, कंट्री. पुढचा, बीट सुरू झाल्यानंतरचा तुकडा दिला, तर म्हणालं, डिस्को. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. रूममेट हसून म्हणाला, "तुझं मॉडेल येडं झालंय."

आम्ही काय केलं? ते गाणं टेस्टमधून काढून टाकलं. अशी अजून चारपाच "त्रासदायक" गाणी होती, तीही काढली. अ‍ॅक्युरसी वाढली. रिपोर्टमध्ये छान आकडा आला.

या काढून टाकण्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी गाण्याची गोष्ट.

मार्च २०१३. अमेरिकेतलं मायामी शहर, अल्ट्रा म्युझिक फेस्टिव्हल. समोर हजारो पोरं, सगळी ड्रॉपची वाट बघणारी. स्टेजवर अविची, म्हणजे स्टॉकहोमचा टिम बर्गलिंग, वय २३. 'लेव्हल्स'मुळे तो तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या डीजेंपैकी एक झाला होता. आणि या पठ्ठ्याने मध्येच सेट थांबवून चक्क बँड आणला! गिटार, बँजो, गाणारी माणसं. पब्लिक गोंधळलं. ऑनलाइन तर त्याची यथेच्छ खिल्ली उडवली गेली. डान्स फेस्टिव्हलमध्ये गावठी गाणी?

तीन महिन्यांनी, जूनमध्ये, 'वेक मी अप' रिलीज झालं. ब्रिटनसह कितीतरी देशांत ते पहिल्या नंबरवर गेलं, अमेरिकेच्या हॉट १०० यादीत चौथ्या. खिल्ली उडवणाऱ्यांपैकी किती जण त्यावर नाचले असतील, विचार करा.

त्या गाण्यात कोण कोण आहे ते बघा. गिटार माइक आइनझिगरची, तो इन्क्युबस या रॉक बँडचा. आवाज अ‍ॅलो ब्लॅकचा. तो कॅलिफोर्नियाचा, आईवडील पनामाचे, आधी रॅप करायचा, मग सोल गायला लागला. आणि गंमत म्हणजे सिंगलवर त्याचं नावच नव्हतं. त्याच अल्बममधलं 'हे ब्रदर' गायलंय डॅन टायमिन्स्कीने. तो अस्सल ब्लूग्रासवाला. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या सिनेमात जॉर्ज क्लूनी गाताना दिसतो ना, तो आवाज खरा याचा. हे सगळं एकत्र बांधणारा मुलगा मात्र स्वीडनचा, लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडून बसणारा.

आता तुम्ही म्हणाल, हे मिश्रण अविचीने शोधलं का? अजिबात नाही.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या केएलएफ या डान्स जोडगोळीने 'स्टँड बाय युअर मॅन'वाल्या टॅमी वायनेटला, म्हणजे कंट्रीतल्या महाराणीला, आपल्या ट्रॅकवर गायला बोलावलं. 'जस्टिफाइड अँड एन्शंट' ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मग १९९४ मध्ये पुन्हा स्वीडन! रेडनेक्स नावाच्या ग्रुपचं 'कॉटन आय जो'. फिडल, बँजो आणि खाली धडाधड युरोडान्स बीट. १९९५ च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. ग्रुपवाले मळके फाटके कपडे घालायचे, खेडवळ नावं लावायचे. म्हणजे अमेरिकन खेडुतांची थट्टा, करणारे स्वीडिश. आणि त्या गाण्याचं मूळ? अमेरिकेच्या दक्षिणेत, यादवी युद्धाच्याही आधी, गुलाम म्हणून राबणारी काळी माणसं ते गायची.

इथे मी थांबलो. म्हटलं, एक मिनिट. कंट्री म्हणजे गोऱ्या काउबॉयचं संगीत ना? मग हे गाणं तिथलं कसं?

इथून खरी गोष्ट सुरू होते.

बँजोपासून सुरुवात करू. डोळ्यासमोर काय येतं? गवताची काडी चघळणारा गोरा शेतकरी. पण बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून ही वाद्यं अमेरिका खंडात पुन्हा घडवली. स्टील गिटार, तो लांब रडवेला सूर, आला हवाईहून. योडलिंग, म्हणजे गळा मध्येच उलटवून गाणं, आल्प्सच्या डोंगरांतून. कंट्री पहिल्या दिवसापासूनच खिचडी आहे, मंडळी.

मग खाने कुणी पाडले? रेकॉर्ड कंपन्यांनी. १९२० च्या दशकात कंपन्यांनी दोन वेगळे कॅटलॉग काढले. काळ्या गिऱ्हाइकांसाठी "रेस रेकॉर्ड्स", गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी "हिलबिली". या दोन्हींत ज्याचा मोठा हात होता तो माणूस एकच, राल्फ पीअर. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी त्याने कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांचं पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं. कंट्रीचा जन्म तिथला, असं म्हणतात.

पण तेव्हाही माणसं खान्यात राहत नव्हती. कार्टर फॅमिलीचा ए. पी. कार्टर गावोगाव फिरून गाणी जमवायचा, तेव्हा चाली लक्षात ठेवायला त्याच्यासोबत असायचा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक. जिमी रॉजर्सने १९३० मध्ये 'ब्लू योडल नंबर ९' गायलं, त्यात ट्रम्पेट कोणाचा? लुई आर्मस्ट्राँगचा! कंट्रीचा जनक आणि जॅझचा बादशहा एकाच खोलीत. माणसं एकत्र वाजवत होती, कॅटलॉग त्यांना वेगळं करत होता. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने "रेस"चं नाव बदलून "रिदम अँड ब्लूज" केलं आणि दुसऱ्या बाजूला "कंट्री अँड वेस्टर्न". पाट्या बदलल्या, भिंत तीच राहिली.

आता डान्सची बाजू. १९७७ मध्ये शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स डिस्को वाजवायचा, रेकॉर्ड कापून जोडून लांबवायचा. नाचणारे मुख्यतः काळे आणि लॅटिनो, बरेचसे समलिंगी. "हाउस" हे नाव याच क्लबवरून पडलं असं मानतात. १९७९ च्या जुलैमध्ये त्याच शिकागोत एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटकांनी उडवला गेला. पब्लिक आनंदाने मैदानात घुसलं. डिस्को संपली असं जाहीर झालं. पण हाउस त्याच राखेतून वर आलं आणि युरोपात पोचलं. त्यातूनच पुढे अविचीची पिढी घडली.

आणि एक मजा सांगतो. १९७७ मध्ये 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मध्ये डिस्को नाचून जगाला वेड लावणारा जॉन ट्रॅव्होल्टा १९८० मध्ये 'अर्बन काउबॉय'मध्ये टोपी घालून कंट्रीवर नाचत होता. तीनच वर्षांत! डान्स फ्लोअरला खाने कळत नाहीत हो.

आता थोडं इंजिनिअरिंग, घाबरू नका. हे दोन प्रकार इतके सहज का जुळतात?

एक, दोघांचं मूळ नाचात आहे. कंट्रीचा सगळ्यात प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम ग्रँड ओल ऑप्री. तो १९२५ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचं नावच "बार्न डान्स" होतं, धान्याच्या कोठारातला नाच. दोन, मोजणी तीच. हाउसमध्ये किक ड्रम प्रत्येक ठोक्यावर पडतो, चारावर चार, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. 'वेक मी अप' १२४ वर आहे. फिडलच्या जलद धुना याच वेगाच्या आसपास फिरतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर ठेवली की ओढाताण होत नाही. तीन, आणि हे महत्त्वाचं, दोघांकडे एकमेकांकडे नसलेली गोष्ट आहे. कंट्रीकडे गोष्ट सांगायची सवय आहे. डान्सकडे शब्द संपल्यावर पुढे काय करायचं याचं उत्तर आहे. अविचीने कडव्यात माणूस गायला लावला आणि जिथे शब्द संपतात तिथे सिंथ सोडला. तो सिंथही नीट ऐका, फिडलसारखा वाजतो. वर साइडचेन, म्हणजे किक पडला की बाकीचे आवाज क्षणभर दबून पुन्हा उसळतात. गाणं श्वास घेतंय असं वाटतं.

पुढे रस्ता मोकळा झाला. माउथ ऑर्गनवालं 'टिंबर' आलं. २०१८ मध्ये कंट्री गायिका मॅरेन मॉरिस झेडसोबत 'द मिडल' गायली.

आणि मग आलं 'ओल्ड टाउन रोड'. लिल नॅस एक्स नावाच्या मुलाने ३० डॉलरला ऑनलाइन बीट विकत घेतला. बीट बनवणारा नेदरलँड्सचा टीनएजर, त्यातला बँजोसारखा आवाज नाइन इंच नेल्सच्या रेकॉर्डमधला. इथे बीट ट्रॅपचा आहे, पण भांडण तेच. मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने हे गाणं कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. कारण काय, तर त्यात आजच्या कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत. त्याच वेळी त्या यादीत हिपहॉपचे बीट वापरणारे गोरे गायक आरामात बसले होते. मग बिली रे सायरस रीमिक्समध्ये आला आणि गाणं हॉट १०० वर १९ आठवडे पहिलं राहिलं. तोवरचा विक्रम. २०२४ मध्ये बियॉन्सेचं 'टेक्सस होल्ड 'एम' त्याच कंट्री यादीत पहिलं आलं, असं करणारी ती पहिली काळी स्त्री. त्यात बँजो वाजवलाय र्‍हायनन गिडन्सने, जी कित्येक वर्षं बँजोचा आफ्रिकी इतिहास लोकांना सांगतेय.

"यादीतून काढून टाकलं." ती बातमी वाचली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. कॅन्टीनमध्ये बसलो होतो आणि मला आमचा प्रोजेक्ट आठवला. आम्हीही हेच केलं होतं. गाणं खान्यात बसेना, तर खान्यावर शंका नाही घेतली, गाणंच हाकललं. आमच्या दहा खान्यांत इलेक्ट्रॉनिक नव्हतंच. मॉडेलने जे होतं त्यात सगळ्यात जवळचं उत्तर दिलं, अर्धं कंट्री, अर्धं डिस्को. आज म्हणेन, ते येडं नव्हतं. त्या खोलीतलं सगळ्यात प्रामाणिक तेच होतं.

ते गाणं आम्ही काढलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० एप्रिल २०१८ ला, अविची ओमानमधल्या मस्कतला गेला. वय २८. सततचे दौरे, आजारपण, ऑपरेशन, आणि २०१६ मध्येच लाइव्ह शो थांबवलेले. रूममेटने रात्री मोबाइल पुढे केला, काही बोलला नाही. आम्ही ते गाणं लावलं आणि सबमिशनचं काम करत राहिलो. आता त्याच्या आईवडिलांनी सुरू केलेलं टिम बर्गलिंग फाउंडेशन तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करतं. मी आज त्याच वयाचा आहे. तुमच्यापैकी कोणी "अजून एक डेडलाइन, मग झोपतो" म्हणत हे ऐकत असेल, तर बंद करा आणि झोपा. पॉडकास्ट कुठे पळत नाही.

तो जुना कोड अजून माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात उघडला, काढलेली गाणी परत टाकली. अ‍ॅक्युरसी कमी झाली. तशीच ठेवलीय.

पुढच्या भागात मुंबईत येऊ. १९८२ मध्ये चरणजीत सिंग नावाच्या एका हिंदी सिनेमाच्या वादकाने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो कुठल्या खान्यात बसतो, ते बघू. तोवर, काळजी घ्या!