कुठल्या गोळीला?

इंजिनिअरिंगचा माझा एक रूममेट आयटीत न येता निमलष्करी दलात गेला. मागच्या दिवाळीत सुट्टीवर आला होता. चहा पिता पिता मी उत्साहाने विचारलं, "काय रे, तुमची जॅकेटं खरंच बुलेटप्रूफ असतात?" तो शांतपणे म्हणाला, "कुठल्या गोळीला?" मी गप्प! पण प्रश्न डोक्यात राहिला आणि दोन-तीन वीकेंड वाचनात गेले.

सुरुवात अर्थातच प्रतापगडापासून. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाने मिठीत घेऊन कुशीत कट्यार मारली, पण आत चिलखत होतं म्हणून महाराज वाचले, हे शाळेपासून पाठ आहे. ते वाचवतं कसं, हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. चिलखत म्हणजे एकमेकांत ओवलेल्या लोखंडी कड्यांचं कापडच. धार त्यावरून घसरते. कापडासारखं वाकतं, म्हणून अंगरख्याखाली लपतंही. पण निमुळत्या टोकाचा बाण जोरात बसला तर कडी उघडते, आणि गदेचा दणका थेट हाडापर्यंत पोचतो. म्हणून मग आत जाड कापडाचं अस्तर आणि वरून पोलादी पत्रे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या अशा चार पत्र्यांना 'चार आईना' म्हणत.

मग बंदुका आल्या. युरोपातले कारागीर छातीच्या पत्र्यावर स्वतःच गोळी झाडून बघत आणि पडलेला पोचा तसाच ठेवत. टेस्टिंग पास झाल्याचा पुरावा! पण बंदुकांची ताकद वाढत गेली, तसा पत्रा जाड होत गेला. वजन पेलेना, तेव्हा हातापायांवरचं कवच गेलं आणि छाती-पाठ तेवढी झाकलेली राहिली. ही तडजोड आजही तशीच आहे.

पुढची उडी १९६५ सालची. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक टायरसाठी हलका, मजबूत धागा शोधत होत्या. एक द्रावण गढूळ आणि पातळ निघालं. यंत्राची भोकं तुंबतील म्हणून धागा काढणारा ते मशीनमध्ये घालायलाच तयार नव्हता. बाईंनी पिच्छा सोडला नाही, आणि त्यातून केव्हलार आलं. केव्हलारचे अनेक थर गोलपोस्टच्या जाळीसारखे काम करतात. गोळी चपटी होते आणि तिचा जोर आजूबाजूला पसरतो.

पण हे झालं पिस्तुलाच्या गोळीपुरतं. ती साधारण सेकंदाला ४०० मीटर वेगाने येते, एके-४७ ची ७०० च्या आसपास. वेगाचा वर्ग होतो, हे अकरावीचं फिजिक्स! तिथे सिरॅमिकची प्लेट लागते. ती गोळीचं टोक फोडते आणि मागचा थर तुकडे झेलतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. गोळी अडवणारं साधं केव्हलार सुरीला अडवेलच असं नाही! बारीक टोक धाग्यांच्या मधून शिरतं. म्हणून सुरीसाठी वेगळं जॅकेट आणि वेगळं मानक असतं. म्हणजे त्या कट्यारीसमोर १६५९ चं चिलखत आजच्या एखाद्या बुलेटप्रूफ जॅकेटपेक्षा जास्त भरवशाचं ठरलं असतं.

थोडक्यात काय, 'बुलेटप्रूफ' हा शब्दच अर्धवट आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांवर केवढे प्रश्न उठले, आठवतं? तरी कुठलं जॅकेट कुठल्या गोळीला टिकलं पाहिजे, हे सांगणारं आपलं स्वतःचं भारतीय मानक यायला २०१८ साल उजाडलं. त्यात सहा पातळ्या आहेत.

ऑफिसात क्लायंट "सिस्टीम सिक्युअर हवी" म्हणाला की आम्ही आधी विचारतो, "कोणापासून?" तिथे चुकलं तर पॅच टाकता येतो. माझ्या मित्राकडे ती सोय नाही. तो परत ड्यूटीवर गेलाय. आता फोनवर जॅकेटचा विषय निघाला की मी 'बुलेटप्रूफ आहे ना' असं विचारत नाही. पातळी विचारतो.