नदीचा वाटा आधी

बियाणे राखून ठेवावे हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण शेत एकट्याचे नसेल आणि पीक पाण्यात पोहत असेल, तर बियाणे किती राखावे व कोणी राखावे, हा प्रश्न राजकारणाचा होतो. अलास्कातील सॅमन माशाचा इतिहास आम्ही याच दृष्टीने पाहतो.

हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला आपल्याच नदीत परततो आणि तेथेच मरतो. म्हणून नदीच्या मुखाशी सापळे लावणाऱ्या डबाबंद मासळीच्या कारखान्यांच्या हाती पुढची पिढीही सापडली. १९२४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की, निम्मे मासे वर जाऊ द्यावेत. ‘निम्मे’ हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो. परंतु मासे थोडे आले त्या वर्षी निम्म्यात नदीचे भागत नाही आणि उदंड आले त्या वर्षी निम्मे सोडण्याची गरज नसते. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेथील मच्छीमार वस्त्या आपद्ग्रस्त जाहीर कराव्या लागल्या.

१९५४ साली कॅनडाचे शास्त्रज्ञ विल्यम रिकर यांनी या प्रश्नाचे गणित मांडले. अंडी घालणारे मासे फार थोडे झाले तर वंश खालावतो. फार झाले तर ते एकमेकांची घरटी उकरतात. दोहोंच्या मधली संख्या हेच लक्ष्य. १९५९ साली अलास्का राज्य झाले, कारखान्यांचे सापळे बंद झाले आणि हंगाम उघडण्या-मिटण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे आला. ब्रिस्टल उपसागराच्या नद्यांवर मचाणांवरून दर तासाला दहा मिनिटे मासे मोजतात. क्विचाक नदीचे लक्ष्य २० लाख ते १ कोटी असे ठरले. आधी नदीचा वाटा, मग जाळ्याचा. २०२२ साली त्या उपसागरात सुमारे ७.९ कोटी मासे परतले.

पण युकॉन नदीची कथा निराळी आहे. तेथील चिनूक सॅमन इतका घटला की, २०२४ साली अलास्का व कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षे थांबविण्याचा करार केला. सरहद्दीपार ७१,००० मासे पोहोचावेत, हे लक्ष्य ठरले. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माशावर जगलेल्या मूलनिवासी कुटुंबांची जाळी कोरडी पडली. तिकडे बेरिंग समुद्रात दुसरा मासा धरणाऱ्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत मात्र चिनूक, ठरावीक मर्यादेत का होईना, सापडतोच आहे.

नदीला किती मासे हवेत, हे शास्त्रज्ञ सांगतील. उपास कोणी काढावा, हे त्यांचा आकडा सांगत नाही. कामगार चळवळीत आम्ही एवढे शिकलो की, टंचाईची वाटणी न बोलता झाली, तर ती नेहमी खालच्याच ताटात पडते. म्हणून माशांच्या मोजणीइतकीच ही वाटणीही उघड्यावर व्हावी.