आधीच आखलेली नोंदवही

शाळेच्या ग्रंथालयाची कल्पना करा. कपाटे निम्मी रिकामी आहेत, पण दाखल-नोंदवहीतील ओळी संपल्या आहेत. नोंद केल्याशिवाय पुस्तक आत घ्यायचे नाही आणि दुसरी नोंदवही मिळणार नाही, असा नियम आहे. आता पुस्तके आली तरी ती दाराबाहेरच राहणार.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर हेच घडू शकते. डिस्कवर मोकळी जागा दिसत असते, तरी संगणक 'जागा शिल्लक नाही' असे सांगतो. डिस्कवर फाइल ठेवण्याआधी तिच्यावर फाइल-व्यवस्था तयार करावी लागते. युनिक्स कुळातील व्यवस्थांत प्रत्येक फाइलसाठी 'आयनोड' नावाची एक नोंद असते. फाइल किती मोठी आहे, कोणाची आहे आणि डिस्कवर कोठे आहे, हे त्या नोंदीत लिहिलेले असते. अशा नोंदी किती असाव्यात हे अनेक व्यवस्थांत सुरुवातीलाच ठरते. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही, तर प्रोग्रॅम आपल्याजवळचे ठरीव आकडे वापरतो. हे आकडे आले कोठून?

बर्कलीतील मोजमाप

युनिक्सच्या मूळ फाइल-व्यवस्थेत डिस्कचे ५१२ बाइटचे ठोकळे पाडलेले असत. ठोकळा लहान असला की जागा कमी वाया जाते. पण मोठी फाइल वाचताना डिस्कच्या वाचक-शीर्षाला अनेक ठिकाणी फिरावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील मॅककुसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा हिशेब मांडला. नव्या डिस्कवर सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत असणारा वेग काही आठवड्यांच्या वापरानंतर ३० किलोबाइटवर येई, कारण फाइलींचे ठोकळे डिस्कभर विखुरले जात.

मग ठोकळा मोठा का करू नये? त्यांनी आपल्याच फाइलींवर मोजून पाहिले. ५१२ बाइटच्या ठोकळ्याने ६.९ टक्के जागा वाया जात होती. ४०९६ बाइटच्या ठोकळ्याने ४५.६ टक्के! बहुतेक फाइली लहान असत. शंभर बाइटच्या फाइलीला अख्खा ठोकळा दिला, तर ३९९६ बाइट फुकट जातात. म्हणून त्यांनी मोठे ठोकळे ठेवले आणि लहान फाइलींसाठी एका ठोकळ्याचे तुकडे करण्याची सोय केली. आयनोडसाठी नियम केला, तो असा : दर २०४८ बाइट जागेमागे एक. गरजेपेक्षा हे पुष्कळच जास्त होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

लिनक्सचा वारसा

१९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने प्रथम मिनिक्सची फाइल-व्यवस्था वापरली. तिची मर्यादा ६४ मेगाबाइट होती. १९९३ च्या जानेवारीत रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची 'एक्स्ट-टू' ही व्यवस्था आली. डिस्क काठोकाठ भरली की फाइलींचे तुकडे विखुरतात आणि दुरुस्तीसाठीही जागा उरत नाही. म्हणून ५ टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवण्याचा संकेत येथे रूढ झाला. शंभर मेगाबाइटच्या डिस्कवर ही राखीव जागा ५ मेगाबाइट होते. आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कवर ५० गिगाबाइट!

ही व्यवस्था तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव 'एमकेईटूएफएस'. २००६ पासून त्याचे ठरीव आकडे एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असतात. ती उघडून कोणताही व्यवस्थापक आकडे बदलू शकतो. तिच्यात प्रकारही दिलेले आहेत. 'न्यूज' या प्रकारात दर ४०९६ बाइटमागे एक आयनोड मिळतो. हा प्रकार यूजनेट या संदेश-जाळ्यासाठी होता, जेथे प्रत्येक लेख ही एक लहानशी फाइल असे. याउलट 'लार्जफाइल' या प्रकारात १०,४८,५७६ बाइटमागे एकच आयनोड असतो.

सामान्य प्रमाण आधी ८१९२ बाइटमागे एक होते आणि आयनोड १२८ बाइटचा होता. २००८ च्या सुमारास आयनोड २५६ बाइटचा झाला आणि प्रमाण १६,३८४ बाइटमागे एक झाले. भागाकार करून पाहा : दोन्ही वेळा उत्तर एक चौसष्टांश, म्हणजे सुमारे १.५६ टक्के येते. नोंदवहीने अडवलेली जागा तेवढीच राहिली. ओळी रुंद झाल्या, पण संख्येने निम्म्या झाल्या.

रुंद ओळ कशासाठी?

जुन्या आयनोडमध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांत लिहिली जाते. हा मोजणीपट्टा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. २५६ बाइटच्या आयनोडमध्ये 'एक्स्ट-फोर' या पुढच्या व्यवस्थेला जादा बिट मिळाले आणि मर्यादा २४४६ सालापर्यंत गेली. तरीही ५१२ मेगाबाइटपेक्षा लहान डिस्कसाठी १२८ हाच ठरीव आकडा पुढे बरीच वर्षे राहिला. तो २०२१ मध्ये बदलला. पण ठरीव आकडा बदलल्याने आधी तयार झालेल्या व्यवस्था आपोआप बदलत नाहीत. एखाद्या यंत्रात बसवलेली जुनी लहान डिस्क २०३८ मध्येही चालू असेल, तर तिच्या नोंदवहीत नवी तारीख मावणार नाही.

वर्गात करण्याजोगे एक गणित देतो. एक टेराबाइट, म्हणजे १०चा १२वा घात इतके बाइट, यांना १६,३८४ ने भागा. सुमारे ६ कोटी १० लाख आयनोड मिळतील. आता प्रत्येक फाइल ४०९६ बाइटची आहे असे धरा. आयनोड संपतील तेव्हा डिस्क किती भरली असेल? फक्त पाव! उरलेली जवळजवळ पाऊण डिस्क रिकामी असूनही नवी फाइल ठेवता येणार नाही.

ठरीव आकडा म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. कोणीतरी, कोणत्या तरी काळच्या फाइली पाहून बांधलेला तो अंदाज असतो. आपण प्रश्न विचारला नाही, तरी त्याचे उत्तर आपल्या वतीने दिले गेलेले असते. ते कोणी दिले आणि कशाच्या आधारावर दिले, हे एकदा पाहून ठेवावे, तेही नोंदवही आखण्याच्या आधीच.