वॉर्प रेकॉर्ड्स : दुकानातून उभे राहिलेले लेबल

संगीताचा इतिहास अभ्यासताना आपण सहसा कलाकार आणि त्यांच्या रचनांपासून सुरुवात करतो. या टिपणात आपण दुकानाच्या काउंटरपासून सुरुवात करू. आपला प्रश्न असा आहे : हाताशी फारसे भांडवल नसताना, लंडनपासून दूर असलेल्या शहरातील एक छोटे दुकान देशाच्या विक्री-यादीपर्यंत कसे पोहोचले?

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील शेफिल्ड हे पोलादाचे शहर. १९८० च्या दशकात तेथील पोलाद उद्योगातील रोजगार झपाट्याने घटला. याच काळात सरकारने स्वयंरोजगारासाठी एक योजना राबवली. स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या बेरोजगारांना त्या योजनेतून आठवड्याला ४० पौंड मिळत. १९८९ मध्ये स्टीव्ह बेकेट, रॉब मिचेल आणि निर्माते रॉबर्ट गॉर्डन यांनी ‘वॉर्प’ सुरू केले, तेव्हा त्यांनी याच योजनेचा आधार घेतला.

दुकान आणि लेबल यांचे नाते

लेबल म्हणजे ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणारी संस्था. पुस्तकविक्रेता पुढे प्रकाशक होतो, तसाच हा प्रकार होता. त्या काळी शिकागोचे हाउस आणि डेट्रॉइटचे टेक्नो हे संगीत बारा इंची तबकड्यांवर येत असे. नवी तबकडी हवी असलेले डीजे दुकानात येत, ऐकत, निवडत. कोणती चाल लोकांना नाचवते हे दुकानदाराला विक्रीवरूनच कळे. मोठ्या कंपन्यांना जे बाजार-सर्वेक्षण करावे लागे, ते येथे काउंटरवर आपोआप होत होते.

पहिली तबकडी ‘फोर्जमास्टर्स’ या गटाची होती. शहरातील पोलाद कारखान्याच्या नावावरून गटाने हे नाव घेतले होते. पहिल्या खेपेस तिच्या केवळ ५०० प्रती काढल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, लीड्सच्या ‘एलएफओ’ या जोडीची तबकडी ब्रिटिश विक्री-यादीत १२ व्या क्रमांकावर पोहोचली.

या संगीताला ‘ब्लीप’ म्हणतात : वर यंत्रांचे तुटक, टोकदार आवाज आणि खाली छातीत जाणवणारा खर्ज. हा खर्ज मुख्यतः कॅरिबियन स्थलांतरितांच्या साउंड सिस्टिम परंपरेतून आला. मोठमोठे ध्वनिक्षेपक रचून रेगे वाजवणाऱ्या या मंडळींनी उत्तर इंग्लंडमधील तरुणांचे कान घडवले होते.

वळण

१९९२ मध्ये वॉर्पने ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा संग्रह काढला. त्याच्या मुखपृष्ठावर आरामखुर्चीत पहुडलेला यंत्रमानव आहे आणि जमिनीवर तबकड्या विखुरल्या आहेत. सूचना स्पष्ट होती : हे संगीत घरी बसून ऐकायचे. तोवर गॉर्डन संस्थेतून बाहेर पडले होते. २००० मध्ये लेबल लंडनला गेले आणि २००१ मध्ये मिचेल यांचे निधन झाले. दुकानही उरले नाही.

इतिहासकारापुढील अडचण

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेबलची सूची टिकते, तबकड्यांवर क्रमांक असतात, नावे छापलेली असतात. काउंटरवरच्या गप्पा, परत केलेल्या तबकड्या, कोणी काय सुचवले, याची नोंद कुठेच राहत नाही. त्यामुळे केवळ सूचीवरून लिहिलेल्या इतिहासात घरी ऐकण्याच्या संगीताचा काळ ठळक होतो. नाचणारे लोक, डीजे आणि स्थलांतरितांची परंपरा मात्र मागे पडते. ज्यांच्या जोरावर पहिल्या ५०० प्रती खपल्या, त्यांनाच वगळून लिहिलेला इतिहास अपुरा ठरतो. म्हणून अशा विषयात छापील साधनांइतकेच मौखिक इतिहासाला महत्त्व आहे.

विचारासाठी प्रश्न

तुमच्या गावातील एखादे बंद पडलेले कॅसेटचे दुकान घ्या. त्याचा इतिहास लिहायचा झाल्यास कोणती कागदपत्रे मिळतील? आणि जे कागदावर नाही, ते कोणाला विचाराल?